दोन साडू आणि फिनलंडची नदी

इंगोलश्टाट, १४ जानेवारी २०१६

नागेशराव, नमस्कार.

माझं पाकीट तुमच्या ऑफिसच्या टेबलावर बघून दचकू नका. आम्ही सगळे खुशाल आहोत. टपालाने लिहितोय ते मुद्दाम. ईमेल केली की ती आमच्या घरच्या आयपॅडवर उमटते. आयपॅड कायम मुक्ताच्या हातात, आणि नऊ वर्षांच्या मुलीला गुपित म्हणजे जेवताना जर्मनमध्ये जाहीर करायची बातमी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपबद्दल तर बोलायलाच नको. आपल्या बायका सख्ख्या बहिणी. तुमच्याकडे दूध उतू गेलं तरी मीनल इकडे गॅस बंद करायला धावते.

तर मुद्दा असा. थर्टी फर्स्टला तुमच्याकडे जेवणं झाल्यावर तुम्ही पुन्हा तो नकाशा काढलात. फिनलंडच्या अगदी उत्तरेची हाउकियोकी नदी, दोन्ही काठांना स्प्रूस आणि बर्चची जंगलं, मैलोगणती वस्ती नाही, आणि त्यातून कनूने, दोघांच्या अरुंद होडीने, खाली जायचं. नकाशाची घडी घालताना तुम्ही म्हणालात, "कधीतरी जायचं रे चारू." दर वर्षी तुम्ही हे म्हणता आणि मी दर वर्षी मान डोलावतो.

यंदा जाऊ या. ऑगस्टमध्ये. आपण दोघंच.

बायकांना सगळं पक्कं झाल्यावर सांगू. मागे आपण दोघं आल्प्सला निघालो होतो आणि शेवटी दोन्ही कुटुंबं अम्यूझमेंट पार्कच्या रांगेत आइस्क्रीम खात उभी होती, हे तुम्ही विसरला नसालच.

पण जायचं ते यंदाच. पुढच्या वर्षी नको. का म्हणून विचारू नका. मनात आलंय, एवढंच.

तुमचा
चारुदत्त

गेर्लिंगेन, २७ जानेवारी २०१६

प्रिय चारुदत्त,

तुझं पत्र मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून वाचलं. अत्यंत आनंद झाला. मात्र मी वयाने मोठा आणि धंद्याने सेफ्टी इंजिनियर, त्यामुळे आनंदाबरोबर येणारे धोके मला आधी दिसतात.

आल्झो, तर मग. पहिला धोका अस्वलाचा. फिनलंडच्या अस्वलाचा मराठी माणसाशी पूर्वी संबंध आलेला नाही, त्यामुळे ते कसं वागेल याचा अंदाज बांधता येत नाही. दुसरा डासांचा. तिसरा उपासमारीचा. यावर मी एकच उपाय काढला आहे, प्रेशर कुकर. तीन लिटरचा घेऊ. त्यात खिचडी होते आणि शिट्टी झाली की अस्वल पळतं. डासांवर विचार चालू आहे.

कोणतंही काम आधी नीट कागदावर आलं पाहिजे, हे तू जाणतोसच. सामान, हवामान, सराव, पर्यायी मार्ग या सगळ्याचा अभ्यास करायचा तर मला २०१८ चा उन्हाळा योग्य वाटतो. नदी काही पळून जात नाही.

कनूत दोन जागा असतात. पुढचा नुसता वल्हवतो, मागचा दिशा धरतो. मागे मी बसणार, हे गृहीत धर.

आणि सहज विचारतो, तू पाण्यात बरा आहेस ना? माझी काळजी करू नकोस. माझं सगळं बालपण गुहागरला समुद्रासमोर गेलं आहे.

नागेश

इंगोलश्टाट, १६ फेब्रुवारी २०१६

नागेशराव,

२०१८ नाही. यंदाच. ऑफिसात उर्लाउबचा अर्ज टाकला, बॉसने रजा मंजूरही केली. "कुठे निघालात?" असं त्याने विचारलं. "उत्तरेच्या जंगलात, साडूबरोबर," असं सांगितल्यावर त्याने साडू म्हणजे काय ते विचारलं. मी म्हटलं, बायकोच्या बहिणीचा नवरा. तो खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाला, "आणि त्याच्याबरोबर तुम्ही स्वतःहून जाताय?"

तिथल्या कनू भाड्याने देणाऱ्या माणसाशी बोललो. तो आपल्याला नदीच्या वरच्या टोकाला सोडणार, पुढचं आपण बघायचं. खाली शेवटच्या तळ्यापाशी रस्ता येतो, तिथून बस. मधे फोनला रेंज नाही. त्याची अट एकच. दोघांनाही पोहता यायला हवं आणि तसं सही करून द्यायला हवं. मी तुमचा फॉर्म सोबत पाठवतोय.

मी लातूरचा. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं. पोहायला शिकलो ते पुण्याला कॉलेजच्या टाकीत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यापुरतं. म्हणून मागच्या जागेवरून मी वाद घालणार नाही. समुद्रावर वाढलेला माणूस बरोबर आहे म्हटल्यावर मला निम्मी काळजी नाही.

कुकर मात्र नको. आपल्याला सामान वाहून न्यायचंय, संसार नाही.

चारुदत्त

गेर्लिंगेन, ८ मार्च २०१६

प्रिय चारुदत्त,

फॉर्म सही करून पाठवत आहे. त्यावर तारीख ऑगस्टची घातली आहे, कारण सही ज्या दिवसाला लागू होते त्या दिवसाची हवी, असं माझं मत आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी मी शारीरिक तयारी सुरू केली आहे. स्वरूप विचारू नकोस.

काही शंका आहेत. लाइफ जॅकेट तंबूतसुद्धा घालून झोपायला हरकत असते का? नदीच्या अगदी काठाकाठाने गेलं तर चालतं का? आणि मुक्ताला एक विचार. ती लहानपणी पोहायला शिकली तेव्हा पाण्याखाली डोळे उघडायला घाबरायची का, आणि तिची भीती नक्की कशाने गेली? मला बालमानसशास्त्रात अलीकडे रस वाटू लागला आहे.

कुकरवर मी ठाम आहे. दोन लिटरच्या कुकरवर तडजोड करायला तयार आहे.

नागेश

इंगोलश्टाट, २१ एप्रिल २०१६

नागेशराव,

हे पत्र लिहायला जड जातंय. तुम्ही मोठे, मी तुम्हाला काही विचारावं असं आपलं नातं नाही. पण काल रात्री अहिल्याताईंचा मीनलला फोन आला होता आणि त्या रडत होत्या.

त्यांचं म्हणणं असं, की तुम्ही दर गुरुवारी काही न सांगता बाहेर जाता. परत येता तेव्हा केस ओले, म्हणजे जे आहेत ते, आणि अंगाला इतका डिओडरंटचा वास की मांजर बाल्कनीत जाऊन बसतं. डोळे लाल. वर गेल्या गुरुवारी तुमच्या फोनवर मेसेज आला, तो त्यांनी वाचला. कोणी फ्राऊ बॉयर्ले. तिने लिहिलं होतं, "आज तुम्ही फार धीट झालात! पुढच्या गुरुवारी आणखी खोल जाऊ."

मीनलने हे मला सांगितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बॉयर्ले. "तुला काही माहीत आहे का?" म्हणाली. मी नाही म्हटलं, ते खरंही होतं. पण ट्रिप लपवल्यामुळे माझा चेहरा चोरासारखा झाला असणार, कारण आता ती माझ्या गुरुवारांचीही चौकशी करतेय.

काही असेल तर मला सांगा. नसेल तर ताईंना सांगा.

तुमचा
चारुदत्त

गेर्लिंगेन, २९ एप्रिल २०१६

चारुदत्त,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला. फ्राऊ बॉयर्ले पासष्टीच्या आहेत, गळ्यात शिट्टी घालतात आणि माझ्यावर सतत ओरडतात. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही. प्रशिक्षण खासगी आहे आणि जुलैत पूर्ण होईल. तोवर अहिल्येने माझ्यावर विश्वास ठेवावा. बावीस वर्षं ठेवला, आता तीन महिने काय जड आहेत?

तुझ्या चेहऱ्याचं तू बघ.

नागेश

गेर्लिंगेन, २३ मे २०१६

चारुदत्त,

मी अहिल्या. मी तुमच्या ऑफिसवर पत्र लिहितेय, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. ह्यांच्या कोटाच्या खिशात तुमचं रिकामं पाकीट सापडलं, त्यावर मागे हाच पत्ता होता. साडू साडू टपालाने बोलतात म्हटल्यावर काहीतरी शिजतंय एवढं कळलं.

पण आधी माझं ऐका. गेल्या गुरुवारी मी ह्यांच्या मागोमाग गेले. दोन डबे सोडून ट्रॅममध्ये बसले, डोक्यावर आमच्या लेकीची, मैथिलीची टोपी ओढून. हे पुढच्या गावात उतरले आणि तिथल्या हालेनबाडमध्ये शिरले. म्हटलं, झालं, पोहण्याच्या तलावावर भेटतात म्हणजे आता बघायला नको.

मी आईबापांच्या बाकावर जाऊन बसले. पुढे मोठी काच, पलीकडे पाणी. आणि त्या पाण्यात बारा-पंधरा पोरं, सगळी पाच-सहा वर्षांची, आणि मधोमध आमचे हे. छातीखाली निळी फोमची नळी, डोळ्यांवर गॉगल. काठावर एक दांडगी आजी शिट्टी वाजवत होती. ती बॉयर्ले.

शेजारी एक बाई स्वेटर विणत बसली होती. तिने हसून विचारलं, "तुमचं कुठलं?"

मी म्हटलं, "ते टक्कल असलेलं."

मग ह्यांची पाळी आली. नळी काढून काठावरून उडी मारायची. हे उभे राहिले. पुढे झाले, मागे झाले, पुन्हा पुढे झाले. सगळी पोरं "नागेश! नागेश!" करून ओरडायला लागली. एका चिमुरडीने ह्यांचा हात धरला आणि काहीतरी समजावलं, मग स्वतःचं नाक दाबून दाखवलं. ह्यांनी नाक दाबलं आणि मारली उडी. चारुदत्त, हे वर येईपर्यंत माझा जीव कुठे होता ते मला माहीत नाही. वर आले, खोकले, हातपाय मारत कसेबसे काठाला लागले. मी काचेमागून टाळ्या वाजवल्या आणि मग घाबरून खांबाआड लपले.

गुहागरचे असून ह्यांना पोहता येत नाही, हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं. धाकटे दीर लहानपणी बुडता बुडता वाचले, तेव्हापासून सासूबाईंनी मुलांना लाटेला पाय लावू दिला नाही. आम्ही सगळे समुद्रात गेलो की हे वाळूत चपला सांभाळत उभे राहायचे. "कोणीतरी सामानापाशी हवं," म्हणायचे. मी किती वर्षं मागे लागले. कधी ऐकलं नाही.

आता हे कोणासाठी शिकताहेत, ते मला सांगा. आणि खरं सांगा, नाहीतर मी मीनलला विचारते. मी काचेमागे होते हे त्यांना कळलेलं नाही. कळू देऊही नका.

अहिल्या

इंगोलश्टाट, ३० मे २०१६

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभ्याने वाचलं. आधी हसलो, मग हसू थांबलं. नागेशराव तरबेज आहेत असं धरून मी त्यांना मागच्या जागेवर बसवलं, आणि ते माझ्यासाठी पोरांच्या वर्गात जाऊन बसले. सही का पुढच्या तारखेची केली, तेही आता कळलं. खोटी सही करायची नव्हती त्यांना.

आम्ही दोघं ऑगस्टमध्ये फिनलंडला जाणार आहोत. कनूने, जंगलातल्या नदीतून. तुम्हाला आणि मीनलला पक्कं झाल्यावर सांगणार होतो. म्हणजे तसं ठरवलं होतं, ठरवून तीन महिने घाबरलो.

आता दुसरं. ते मी सांगायला नको, मीनलने सांगायला हवं. पण ती रोज तुम्हाला फोन लावते आणि भाजी काय केली ते बोलून ठेवून देते. ताई, आम्ही परत चाललोय. ऑक्टोबरात. बाबा गेल्यापासून आई लातूरला एकटी आहे आणि तिला आता एकटीने होत नाही. तिकडे चाकणला मला काम मिळतंय, आईलाही तिथेच आणायचं म्हणतो. मुक्ताने दोन दिवस तोंडात घास घेतला नाही, मग एक दिवस विचारलं, तिकडे कुत्रा पाळता येईल का. तिचं तेवढ्यावर भागलं. मीनलचं अजून भागलेलं नाही.

म्हणून यंदाच. नागेशराव २०१८ म्हणाले, तेव्हा मी लगेच रजेचा अर्ज टाकला. त्यांना सांगायचं धाडस मला इथे होत नाही. तिथे जंगलात सांगेन म्हणतोय, पळून जायला जागा नसेल तिथे.

तुमचा
चारुदत्त

गेर्लिंगेन, ४ जून २०१६

चारुदत्त,

मीनलशी बोलले. म्हणजे आम्ही दोघीही बोललो नाही, रडलोच. तुमच्या फोनचं बिल बघून ओरडू नका.

तुम्ही जा. मी ह्यांना दोन्हीतलं काही सांगितलेलं नाही. काल जेवताना त्यांनी घसा साफ करून मला ट्रिपबद्दल सांगितलं, मी डोळे मोठे करून "अगंबाई!" म्हटलं. इतकं चांगलं नाटक मी गॅदरिंगमध्येही केलं नव्हतं. त्यांना दोन लिटरचा कुकर काढून दिलाय. त्यावरून वाद घालू नका.

आईंना नमस्कार सांगा. तुमचं चुकलं नाही.

अहिल्या

गेर्लिंगेन, १२ जुलै २०१६

प्रिय चारुदत्त,

कळवण्यास आनंद वाटतो, की माझं प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण झालं. मला प्रमाणपत्र आणि एक बिल्ला मिळाला. बिल्ल्यावर समुद्री घोडा आहे, तुकडीतल्या सगळ्यांना तोच मिळाला. त्याचा तपशील मी योग्य वेळी सांगेन. फ्राऊ बॉयर्ले यांनी मला मिठी मारली आणि लगेच दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला निघून गेल्या.

अहिल्येने परवानगी इतक्या सहज दिली की मला थोडी काळजी वाटते आहे.

आता खरं सांगू का? इतकी वर्षं मी तो नकाशा काढायचो, कारण तू जाशील असं मला कधी वाटलं नव्हतं. तू मनावर घेतलंस ते बरं झालं. मी पुढचंही बघून ठेवलं आहे. २०१८ ला स्वीडन, त्यानंतर नॉर्वे. दर दोन वर्षांनी एक नदी घेतली, तर आपण दोघं रिटायर होईपर्यंत उत्तरेत नदी शिल्लक राहणार नाही.

बॅग भरली आहे. तुझ्या रेनकोटचा रंग कळव, म्हणजे धुक्यात शोधायला बरं.

नागेश

हाउकियोकीच्या शेवटच्या तळ्याकाठी, १३ ऑगस्ट २०१६

प्रिय अहिल्या,

आम्ही दोघंही जिवंत आहोत. चारूला डासांनी इतकं फोडलंय की त्याच्या चेहऱ्याकडे बघून तो कुठे बघतोय ते कळत नाही.

आता नदीविषयी. यंदा इकडे पाऊस झाला नाही. नदीला पाणी गुडघाभर. पहिले दोन दिवस आम्ही कनूत बसलो कमी आणि कनू दगडांवरून ओढली जास्त. मी मागून ढकलत होतो आणि चारू पुढून ओढत होता. दोन्ही काठांना स्प्रूस अगदी दाट, त्यातून एक रेनडिअर बाहेर आलं, आमच्याकडे बघत उभं राहिलं आणि पुन्हा आत गेलं. त्याला आम्ही हमाल वाटलो असणार.

तिसऱ्या दिवशी जरा धार लागली म्हणून आम्ही चढून बसलो, तर पुढच्याच दगडावर कनू कलंडली. मी पडलो, नाक दाबलं आणि उभा राहिलो. पाणी गुडघ्याला. बघतो तर चारू जिवाच्या आकांताने पोहतोय! हात मारतोय, पाय मारतोय, श्वास डावीकडून घेतोय. मी म्हटलं, "चारू, उभा राहा." त्याने आणखी दोन हात मारले आणि मग उभा राहिला. आम्ही इतके हसलो की कनू एकटीच पुढे गेली. तिला पकडायला पळावं लागलं.

त्या संध्याकाळी शेकोटीवर कपडे वाळत घातले होते. चारू पाठमोरा बसून म्हणाला, "नागेशराव, आम्ही ऑक्टोबरात परत चाललोय. कायमचं."

मी म्हटलं, "चहात साखर कमी आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही. पण कनूत अबोला धरता येत नाही, धरला की झाडावर आपटतो. म्हणून मी दिवसभर फक्त "डावीकडे" आणि "उजवीकडे" म्हटलं. तो मुकाट्याने "गेनाऊ, बरोबर" म्हणायचा आणि वल्हं मारायचा. तीन-चार तास झाल्यावर मी उगाच "उजवीकडे" म्हटलं, तिथे वळायचं काही नव्हतं. तो वळला. काठाला लागलो आणि झुडपात घुसलो. तो मागे बघून म्हणाला, "आता बोला." मग मी बोललो. खूप बोललो. काय बोललो ते तुला घरी आल्यावरही सांगणार नाही, आणि डोळ्यांना पाणी आलं ते धुराने आलं असं त्याला सांगितलं. तेव्हा शेकोटी पेटलेली नव्हती.

त्यानेही सगळं सांगितलं. तुला परत जाण्याचं आधीपासून माहीत होतं, आणि काचेमागेही तूच होतीस. टाळ्या ऐकल्या होत्या मी, मला वाटलं त्या नाक दाबणाऱ्या मुलीची आई वाजवतेय. रागावलेलो नाही. बरं वाटलं.

आज सकाळी लवकर उठलो. हे तळं खोल आहे आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळ दिसत नाही. चारू तंबूतून बाहेर येईपर्यंत मी आत शिरलो होतो. थंडी अशी की तोंडून शिव्याच निघाल्या. चारू काठावर धावत आला, हातात दोर, चेहरा पांढराफटक. "नागेशराव, पुरे, या!" म्हणून ओरडत होता. मी गेलो थोडा पुढे. पाय टेकत नव्हते, अहिल्या. वर नुसतं आभाळ होतं आणि चारूचा आवाज. मग वळलो आणि आलो. बाहेर आल्यावर त्याने मला टॉवेलात गुंडाळून असं घट्ट धरलं की श्वास मिळेना. मी म्हटलं, "अरे, पाण्यातून वाचलो, आता तू मारशील."

उद्या दुपारी इथून बस आहे. ती आम्ही चुकवायची ठरवली आहे. त्यानंतरची तीन दिवसांनी येते. कारण काही नाही, अजून बरंच बोलायचं राहिलंय आणि तांदूळ आहेत. तळ्यावर मासे धरायला एक म्हातारं जोडपं आलंय, ते आज गावात परततंय. त्यांच्याजवळ हे पत्र आणि तुझा नंबर देतोय. बाईंना इंग्रजी येतं. त्या फोनवर सांगतील की आम्ही उशिरा येणार. चारूची हिंमत होत नाहीये, तेव्हा मीनलला तूच सांग.

विमान चुकणार हे मला माहीत आहे. विमानाचं बघू.

तुझा
नागेश